एकोणीस जोड्या

"पिना काढ," आई म्हणाली.

"कुठल्या?"

"ओढणीची काढ. केसातल्या पण काढ. टोकदार काही अंगावर ठेवायचं न्हाई आज."

मी दारात उभी होते, एक पाय चपलेत. साडेदहा वाजले होते. आईने स्वतःच्या अंगावरच्या पिना पहाटेच काढून एका वाटीत ठेवल्या होत्या, त्यामुळे तिचा पदर दर दोन मिनिटांनी घसरत होता आणि बोलता बोलता ती तो सावरत होती. भांडायला हे काही सोयीचं नव्हतं, पण तिची तयारी पूर्ण होती.

तो दिवस पंधरा जानेवारी दोन हजार दहा. किंक्रांत, अमावास्या आणि सूर्यग्रहण, तिन्ही एकदम. कॅलेंडरवरचा तो चौकोन पाहूनच आई विट्याहून कोल्हापूरला येऊन दाखल झाली होती. कारण मला सातवा आठवडा चालू होता. लग्नानंतर चार वर्षांनी दिवस राहिले होते, आणि नातेवाइकांत ही बातमी आम्ही तिच्याशिवाय कोणालाच सांगितली नव्हती.

"सव्वाअकरा ते तीन," ती म्हणाली. "चार तास. चार तास एका जागी बसायला तुझं काय जातंय?"

"बारा वाजता अंडी काढायची आहेत."

"अंडी काय पळून चाललीत?"

"हो. दर दीड तासाला एक जोडी पुढं जातात. तीनला काढली तर सगळा हिशेब चुकला."

"कसली जोडी?"

सांगत बसायला वेळ नव्हता. मी विद्यापीठात पीएचडी करत होते. कोंबडीच्या अंड्यात, पिलू अजून पिलू म्हणण्यासारखंही नसताना, त्याचे स्नायू कुठून सुरू होतात आणि कोणती जनुकं ते सुरू करतात, हा माझा विषय. अंडी बरोबर अठ्ठेचाळीस तास उबवायची आणि उघडायची. पहिली खेप वीज गेल्यामुळे वाया गेली होती, दुसरी हॅचरीने शिळी अंडी पाठवल्यामुळे. ही तिसरी. मार्चमध्ये फेलोशिप संपत होती, म्हणजे चौथी खेप नव्हतीच. तेरा तारखेला दुपारी बाराला मी अठरा अंडी उबवणीयंत्रात ठेवली, तेव्हा पंधराला काय आहे हे मी पाहिलं नव्हतं, असं मी आईला सांगितलं. ते खोटं होतं. मी पाहिलं होतं.

"निशिकांतराव काय म्हणाले?" आईने जावयाचं नाव काढून शेवटचा डाव टाकला.

"तुम्ही दोघी ठरवा म्हणाले, आणि रोजच्यापेक्षा अर्धा तास लवकर ऑफिसला गेले."

आईने ओट्यावरच्या तांब्यातून तुळशीची दोन पानं काढली, मुठीत धरली आणि चपला घातल्या.

"तू कुठं?"

"तुझ्या मागं. तुझ्या हातात कात्री दिसली की काढून घेणार मी."

रिक्षा मिळायला वेळ लागला. रस्त्यावर किंक्रांतीची मरगळ होती, निम्मी दुकानं बंद. रिक्षात आई माझ्या उजव्या बाजूला बसली. ती नेहमी माझ्या उजव्या बाजूलाच बसते, चालते, फोटोत उभी राहते. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच आया मुलींच्या उजव्या बाजूला असतात.

हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून सांगते. माझ्या छातीचा उजवीकडचा मोठा स्नायू जन्मापासून नाही. उजवा हात डाव्यापेक्षा दोन बोटं आखूड आहे आणि त्या पंजाची तीन बोटं एकमेकांना चिकटलेली होती. सहाव्या वर्षी ऑपरेशन करून ती सुटी केली. मी सगळी कामं डाव्या हाताने करते आणि उत्तम करते. आमचं घर शिंप्याचं. वडील ब्लाऊज बेतायचे, आई काजबटण आणि हातशिलाई करायची. माझा एकही कपडा असा नव्हता, की ज्याच्या उजव्या बाजूला आईने आतून कापसाची गादी शिवली नव्हती. ती गादी दर सहा महिन्यांनी बदलायची, माझं अंग वाढेल तशी तीही वाढवायची. हातशिलाई अशी की टाका शोधून सापडायचा नाही. आमच्या आळीत कोणालाही विचारा, शिंपिणीच्या पोरीच्या हातात खोट आहे एवढंच सांगतील. छातीचं कोणाला माहीत नव्हतं.

प्रयोगशाळेत मुजावर मॅडम एकट्याच होत्या. शिपाई दादू रजेवर, बाकीची मुलं घरी. मॅडम माझ्या गाईड. बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या, आणि बोलल्या की समोरच्याने गप्प व्हावं अशा. त्यांनी आईकडे पाहिलं, तिच्या घसरलेल्या पदराकडे पाहिलं, मुठीतल्या तुळशीकडे पाहिलं.

"बसा मावशी. पाणी चालेल का, की तेही नाही?"

"तीननंतर," आई म्हणाली.

"बरं. हेमा, फॉर्मालिनमध्ये घालायचं काम मी करणार. तू फक्त उघडायचं आणि उचलायचं. भिंतीवर वाच."

भिंतीवर मॅडमने स्वतःच्या अक्षरात यादी लावली होती. दिवस गेलेल्या मुलीने प्रयोगशाळेत कशाला हात लावायचा नाही, याची. माझी बातमी कळायच्याही आधीपासून ती यादी तिथे होती. फॉर्मालिन, अमुक रंग, तमुक द्रावण, अकरा वस्तू. मी ती काटेकोर पाळत होते. मला भ्यायचं होतं ते सगळं त्या यादीत होतं, आणि त्यात सूर्य नव्हता.

मॅडम शेजारच्या खोलीत गेल्या. मी हात धुतले, एप्रन घातला. बाराला पाच कमी असताना पहिलं अंडं बाहेर काढलं. कोमट होतं. ते आडवं ठेवलं, सुईने थोडा पांढरा बलक ओढून घेतला, कवचावर चिकटपट्टी लावली. आणि छोटी वाकडी कात्री उचलली.

आईने माझं मनगट धरलं.

"हेमा."

"सोड, आई."

"पाया पडते तुझ्या. एवढं एक ऐक. माझ्यावर हसायचं तर हस, पण आज कात्री नको."

"आई, अठरा आहेत. वेळ जातोय."

"माझ्या हातनं एकदा झालंय, पुरे झालं. तुझ्या पोटाला काय झालं तर लोक तुला काय बी म्हणणार न्हाईत. मला म्हणतील. आईनं स्वतःचं वाटोळं केलं, पोरीचं पण केलं. आणि बरोबरच म्हणतील!"

मला राग आला. तिचा नाही, पण तेव्हा तिथे तीच होती, म्हणून तिच्यावरच निघाला.

"तीस वर्षं मी तुझ्या त्या ग्रहणाचं ओझं अंगावर शिवून फिरतेय," मी म्हणाले. "आता मला ते पोटात वागवायचं नाही. सोड."

तिने सोडलं. मी कापलं.

मी भ्यायले होते. हे मी मॅडमला सांगितलं नाही, निशिकांतला सांगितलं नाही, पण ते खरं आहे. कात्रीचा पहिला करकर आवाज झाला तेव्हा मला वाटलं, झालं, पोटाला लागलं. दोन पदव्या घेतलेल्या बाईला असं वाटावं, याची मला लाज वाटली. तरी कात्री चालूच ठेवली. कवचाला रुपयाएवढी खिडकी पडली आणि आत, पिवळ्या बलकावर, ते दिसलं. तांदळाच्या दाण्याहून थोडं लांब, काचेसारखं. त्याच्या मध्यावर एक लाल ठिपका उडत होता.

आई स्टुलावर, पाठ खिडकीकडे करून, डोळे मिटून बसली होती. ओठ हलत होते.

तिने एकदा काय केलं होतं, ते मला नवव्या वर्षी शेवंताआत्याने सांगितलं. एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत, माझ्या हाताकडे बघत. माझ्या जन्माच्या दोन महिने आधी, फेब्रुवारीतल्या एका दुपारी, मोठं सूर्यग्रहण लागलं. आमच्या भागात जवळजवळ अंधारून आलं. आईला सातवा महिना होता. घरात कोणी पहाटेपासून अन्न शिजवलं नव्हतं, सगळे दारं लावून आत बसले होते. आईला भूक लागली. कोनाड्यात एक पेरू होता. तिने तो सुरीने कापून खाल्ला.

कोणी पाहिलं नव्हतं. पण मी जन्मले तेव्हा सुईण ओरडली, आणि शेवंताआत्या बाळंतिणीच्या उशाशी येऊन उभी राहिली. "ग्रहणात काय कापलंस, इंदे?" आईने खरं सांगितलं. नाही म्हणाली असती, तर गोष्ट तिथेच संपली असती. पण आईला खोटं बोलता येत नाही, आणि तिला स्वतःलाही ते खरं वाटलं. तेव्हापासून आमच्या घरात पेरू आला नाही. आत्या प्रत्येक बारशाला, डोहाळजेवणाला आणि वास्तुशांतीला ही गोष्ट सांगत असे. एवढ्याशा भुकेसाठी, हे तिचं ठरलेलं शेवटचं वाक्य. आई तेव्हा तिथेच वाढत असायची.

सतरा अंडी झाली. दोनांत काही नव्हतं, एक फाटलं, चौदा चांगली निघाली. कागदाचं छोटं कडं बलकाच्या पापुद्र्यावर टेकवायचं, भोवतीने कापायचं आणि ते कडं चिमट्याने उचलायचं, की गर्भ त्याला चिकटून अलगद वर येतो. उचलून झालं की बशी मॅडमकडे. अठरावं अंडं उघडलं तेव्हा एक वाजत आला होता आणि खिडकीतला उजेड विचित्र झाला होता, भर दुपारी पिवळट आणि पातळ.

"झालं?" आईने डोळे न उघडता विचारलं.

"शेवटचं आहे. ये, बघ."

"मला न्हाई बघायचं."

"ग्रहणाकडं बघायचं नाही म्हणतात. अंड्याकडं बघू नये असं कुठं म्हटलंय?"

ती उठली. कुतूहल होतंच तिला. काज करणारी बाई, बारीक काम दिसलं की तिचे डोळे आपोआप तिथे जातात. मी बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तिला स्टूल ओढून दिलं, भिंगं तिच्या डोळ्यांच्या अंतराला जुळवली. तिने एक हात पदरावर ठेवला आणि वाकली.

भिंगात डोळे लावून तिने दुसऱ्या हाताने टेबलाची कड धरली.

"हे उडतंय ते?"

"हृदय."

"अगं बाई." ती आणखी वाकली. "आणि हे मधल्या दोऱ्याच्या दोन्ही अंगाला... हुकं लावल्यात जणू. दोन रांगा."

"त्याच जोड्या. मोज बघू किती."

मला मोजायला टोकदार सुई आणि दोन-तीन वेळा फेरतपासणी लागते. आईने नुसती नजर फिरवली. तीस वर्षं ब्लाऊजच्या हुकपट्ट्या मोजलेली नजर.

"एकोणीस."

मी तिला बाजूला करून मोजलं. एकोणीस. अठ्ठेचाळीस तासांना जितक्या हव्यात तितक्याच.

"हे काय हाय पण?"

"यातूनच सगळे स्नायू होतात. पाठीचे, पोटाचे, हाताचे. थांब, रंगवलेलं दाखवते." फ्रीजमधून मागच्या महिन्यातल्या चाचणीची बशी काढली. तिच्यात वाया गेलेल्या खेपेतला एकमेव नीट उरलेला गर्भ होता. त्यात त्याच जोड्या होत्या, फक्त वरच्या काहींमध्ये गडद जांभळे ठिपके. "हा जांभळा रंग कुठं दिसतो माहितीय? जिथं स्नायूचं जनुक जागं झालंय तिथंच. प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतातच. हाडाचं, कातडीचं, स्नायूचं, सगळंच. पण यांना शेजारच्या त्या दोऱ्याकडून निरोप येतो, आणि मग एक जनुक जागं होतं, मायो-डी म्हणून, आणि त्याच्या आगेमागे अजून दोन-तीन. एकदा ती जागी झाली की पेशी स्नायूची झाली. मग तिला परत फिरता येत नाही."

"खालच्या कोऱ्या हायत."

"त्यांची पाळी यायचीय. वरून खाली, एकेक जोडी."

"आणि हात?"

तिने ते अगदी हळू विचारलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

"हाताचे आणि छातीचे इथून निघतात. काही पेशी या जोड्यांमधून सुटतात आणि रांगत हाताच्या कोंबापर्यंत जातात. तिथं पोचल्यावर त्यांचं जनुक जागं होतं. मोठा प्रवास असतो त्यांचा."

"किती दिवसांचं हाय हे?"

"दोन."

"आणि कोंबडी बसती एकवीस दिवस." आई आता भिंगापासून दूर झाली होती. डाव्या हाताच्या पेरांवर अंगठा फिरत होता. ती असंच मोजते. "एकविसात दोन. म्हंजे बाईच्या नऊ महिन्यांत..." अंगठा थांबला. "पहिला महिना पण भरत न्हाई."

"माणसाचं हे चौथ्या आठवड्यात. हात आणि छाती पाचवा, सहावा, सातवा. आठव्यात जवळजवळ झालेलं असतं सगळं."

"आठव्या महिन्यात."

"आठवड्यात, आई."

खिडकीतला उजेड आणखी उतरला होता. बाहेर कावळे उगाच ओरडत होते. आईने भिंतीला टेकून पदर खांद्यावर ओढला, तो परत घसरला, तिने राहू दिला.

"मग मी पेरू कापला तवा..."

"तेव्हा माझा हात पाच महिने आधी होऊन गेला होता. जसा झाला तसा. तुला दिवस गेलेत हे तुलाही नक्की माहीत नव्हतं, त्या दिवसांत कधीतरी."

मला वाटलं होतं तिचा चेहरा सुटेल, ती रडेल, मला जवळ घेईल. मी विषय निवडला तेव्हापासून, सहा वर्षं, हाच क्षण मी मनात घोळवत होते. मुलाखतीत विचारलं, हाच विषय का, तेव्हा मी काहीतरी शास्त्रीय बोलले होते. खरं कारण हे होतं.

पण आई म्हणाली, "मग त्या महिन्यात मी काय केलं?"

"काय?"

"दोन घागरी एकदम आणायचे मी विहिरीवरनं. एक डोक्यावर, एक कमरंवर. त्यानं झालं?"

"नाही."

"जत्रेला गेलते बैलगाडीतनं. लई हिसके बसलेले."

"आई, नाही."

"मग का झालं?"

"ते मला सांगता येत नाही. कोणालाच अजून नक्की येत नाही. रक्त पोचायला कुठंतरी अडथळा आला असेल, असं म्हणतात. का झालं ते नाही सांगता येत. पण कधी झालं ते सांगता येतं, आणि ते मी तुला डोळ्यांनी दाखवलंय. आता नवीन काही शोधू नकोस. शोधायचं नाही!"

मी ओरडलेच असणार, कारण मॅडम दारात आल्या. हातमोजे काढत एवढंच म्हणाल्या, "हा शेवटचा धरून पंधरा नमुने. पंधराही चांगले. काम झालंय, बाहेर जाऊन बसा दोघी."

आई जागची हलली नाही. ती बशीकडे बघत होती, आणि मग ती तिच्या भाषेत बोलायला लागली, माझ्याशी नव्हे, स्वतःशी, गिऱ्हाइकाची तक्रार खोटी आहे हे दाखवताना बोलायची तशी.

"कापड आधी बेतायचं. बेतून झालं की मग शिवण. शिवण झाली की काजबटण. सातव्या महिन्यात काजबटणाचं काम राहतं. काजबटणाला बसलेल्या बाईच्या हातनं बाही आखूड कशी होईल? बाही बेततानाच आखूड झाली. तवा ती बाई दुकानात पण न्हवती."

"हो," मी म्हणाले. "असंच."

"मग वन्सं मला तीस वर्षं का बोलल्या?"

मी बशीवर झाकण ठेवलं.

"तीस वर्षं, हेमा. बारशाला बोलवायच्या, आणि पाळण्याला हात लावू द्यायच्या न्हाईत. माझ्या धाकट्या जावंच्या ओटीत मला नारळ घालू दिला न्हाई. मी गप्प बसले. मला वाटलं, खरंच हाय, माझीच भूक नडली." तिचा आवाज चढत गेला. मी तिला कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं. आमच्या घरात आवाज चढवायचा हक्क दुसऱ्यांचा होता. "सात महिन्यांची पोटुशी बाई. पहाटेपास्नं पोटात काय न्हाई. भूक लागणार न्हाई तर काय! एका पेरूची चोर केली मला!"

ती दाराकडे निघाली. मी मागोमाग. मुठीतली तुळस तिने कधी टाकली ते मला दिसलं नाही. टेबलावर बशीशेजारी नंतर सापडली.

आमच्या विभागामागे पेरूचं एक जुनं झाड होतं. जानेवारीत ते भरलेलं असायचं आणि आमची मुलं कच्चेच पेरू पाडून खायची. झाडाखाली पानांतून उन्हाचे कवडसे पडले होते, आणि त्या दिवशी ते गोल नव्हते. शेकडो कवडसे, सगळे चंद्रकोरीसारखे कापलेले. आई त्यांच्यावरून चालत गेली, हाताला येईल ती फांदी खाली ओढली आणि एक पेरू तोडला.

"सुरी आण."

"आई..."

"आण म्हणते ना."

मी आत धावले. आमच्या कात्र्या त्या कामाच्या नव्हत्या, म्हणून कपाटातलं स्कॅल्पेलचं कोरं पातं काढलं, पाकीट फोडून मुठीला बसवलं आणि बाटलीतलं पाणी घेऊन आले. आई पायरीवर बसली होती. मांडीवर पेरू, आणि कानाला तिचा छोटा मोबाइल. तिने तो मध्येच कानापासून काढला, माझ्यापुढे धरला. "मोठ्यानं ऐकू येतंय ते कुठलं बटण गं?"

मी दाबलं.

"... फोन कशाला गं ग्रहणात?" शेवंताआत्याचा आवाज आला. "पोरीला बसीवलीस ना नीट?"

ही बातमी आत्याला कशी कळली, असं मी डोळ्यांनीच विचारलं. आईने मान हलवून कबुली दिली. तिला खोटं बोलता येत नाही, हे मी सांगितलंच आहे.

"न्हाई बसली, वन्सं," आई म्हणाली. "तिनं अठरा अंडी फोडली. कात्रीनं."

"अगं बया! आणि तू काय करत होतीस?"

"मी बसले होते. आता उठले." तिने माझ्या हातातून पातं घेतलं, पेरू धुतला. "वन्सं, आता सव्वा वाजलाय. ग्रहण भर मध्यावर हाय. मी पेरू कापतेय."

"इंदे, डोकं फिरलं का तुझं? पोर पोटुशी..."

"ऐका."

तिने फोन पायरीवर ठेवला आणि त्याच्या अगदी जवळ पेरू धरून कापला. कच्चा होता, त्यामुळे आवाज चांगला आला. एकदा, दोनदा, चार फोडी झाल्या.

"हेमाचा हात मला दिवस गेलेत हे कळायच्या आत झालेला होता," आई फोनमध्ये वाकून म्हणाली. "मी आज डोळ्यांनी बघून आलेय. तुम्हाला बघायचं असलं तर कोल्हापूरला या, माझी लेक दाखवील. आणि न्हाई आलात तरी इथनं पुढं कुठल्या बारशाला ही गोष्ट काढायची न्हाई. काढलीत, तर त्याच पंगतीत मी पण बोलणार. मला आता बोलता येतंय."

"अगं पण मी काय वाईटासाठी..."

"ठेवते, वन्सं."

फोन बंद कसा करायचा हे तिला ठाऊक होतं.

आत्या त्यानंतर सहा वर्षं होती. कोल्हापूरला काही आली नाही. ती गोष्टही तिने पुन्हा काढली नाही, निदान आमच्या कानावर आलं नाही. मला ऑगस्टच्या शेवटी मुलगी झाली. ती आता पंधरा वर्षांची आहे. तिचे हात कसे आहेत, हे लोक मला ही गोष्ट ऐकल्यावर हमखास विचारतात, आणि मी सांगत नाही. इथेही सांगणार नाही. दोन्ही सारखे निघाले असतील तर तुम्ही म्हणाल, बघा, काही झालं नाही. नसतील निघाले तर मनात म्हणाल, कात्री लावली ना. माझ्या मुलीचे हात कशाचाही पुरावा नाहीत. ते तिचे हात आहेत.

त्या दुपारी आईने एक फोड माझ्यापुढे धरली. मी घेतली. तिच्या वाट्याची फोड तिने आधी नुसती हातात फिरवून पाहिली, बिया बघितल्या, वास घेतला. मग खाल्ली. पायाशी उन्हाच्या त्या शेकडो चंद्रकोरी हलत होत्या. पदर पुन्हा खांद्यावरून घसरला होता आणि या वेळी तिने तो सावरला नाही, कारण तिचे दोन्ही हात गुंतले होते. तीस वर्षांनी पेरू खाणारी बाई मी पहिल्यांदाच बघत होते.

"कच्चा हाय," ती चावत म्हणाली.

"जानेवारीतला आहे, अजून पिकायचाय."

तिने दुसरी फोड उचलली.

"त्या दिवशीचा लई गोड होता," ती म्हणाली.